फळीवरचा नैवेद्य

वार्षिक अंकासाठी थोर व्यक्तींची चरित्रे लिहून द्यावीत, अशी सूचना फलकावर लागली तेव्हा आमच्या वर्गात नावांची वाटणी पाच मिनिटांत उरकली. महात्मा फुले एकीने घेतले, कर्मवीर भाऊराव दुसऱ्याने घेतले, मादाम क्यूरींवरून दोघींत थोडी वादावादीही झाली. मी बर्ट मन्रो हे नाव सांगितले तेव्हा मात्र वर्ग गप्प झाला. हा कोण, म्हणून सरांनी विचारले. न्यूझीलंडमधला एक म्हातारा, ज्याने आपली सत्तेचाळीस वर्षांची मोटारसायकल ताशी १८३ मैलांनी पळवली, असे मी सांगितले. वर्गात हशा पिकला. सरही हसले, पण त्यांनी नाव लिहून घेतले. त्याबद्दल त्यांचे आभार.

काहींनी 'द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन' हा २००५ सालचा चित्रपट पाहिला असेल. त्यात अँथनी हॉपकिन्सने रंगवलेला म्हातारा तो हाच. चित्रपटाच्या नावातल्या 'इंडियन'चा आपल्या देशाशी काडीचा संबंध नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण माझ्या आजीने तो कुठल्या गावचा, असे दोनदा विचारले. इंडियन हे अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफिल्ड गावी त्या काळी बनणाऱ्या मोटारसायकलीचे नाव. मन्रो जन्माने आणि मनानेही पक्का न्यूझीलंडचा.

मी कला शाखेचा विद्यार्थी, इतिहास माझा विषय. मग इंजिनाच्या भानगडीत मी कसा पडलो? त्याला कारण मामांची बुलेट. आमच्या साताऱ्यात वडिलांचे, म्हणजे अण्णांचे, छोटे लेथचे वर्कशॉप आहे. त्या वातावरणात वाढूनही मी यंत्रांपासून चार हात लांबच राहिलो होतो. मागच्या पावसाळ्यात मामांनी त्यांची जुनी साडेतीनशेची बुलेट दोन दिवसांसाठी माझ्याकडे दिली. देताना ऑइल बघून घे, एवढे एकच वाक्य ते दोनदा बोलले. मी हो म्हटले आणि विसरलो. मित्राला मागे बसवून यवतेश्वरचा घाट चढून कासला निघालो. अर्ध्या चढावर इंजिनाच्या पोटातून टकटक ऐकू येऊ लागली. बुलेट म्हटल्यावर आवाज यायचाच, असे मित्राचे मत पडले. मलाही ते पटले, कारण पटवून घेणे सोयीचे होते. मी मूठ आणखी पिळली. टकटकीची ठोक-ठोक झाली, कुणी आत बसून हातोडीने दार ठोठावते आहे अशी, आणि घाटमाथ्याच्या थोडे अलीकडे गाडी आचका देऊन जागच्या जागी बसली. नशिबाने मागून काही येत नव्हते. मागचे चाक जिथे घासले तिथला काळा पट्टा आजही मला रस्त्यावर दिसल्यासारखा वाटतो.

टेम्पोतून बुलेट वर्कशॉपला आली. अण्णा एक अक्षर बोलले नाहीत. त्यांनी इंजिन खोलले. तळाचे ऑइल थाळीत काढले तेव्हा त्यात जरीच्या पदरासारखा चकाकणारा चुरा होता. मग त्यांनी एक झिजलेली, निळी-काळी पडलेली धातूची बांगडी माझ्या तळहातावर ठेवली. जुन्या बुलेटच्या कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकात ही बांगडी, म्हणजे बुश, असते. क्रँकपिन आणि दांडा यांच्यामध्ये ती तरंगत फिरते. पिस्टन वर-खाली होतो, चाक गोल फिरते, आणि या दोघांची सोयरीक जुळवणारा तो कनेक्टिंग रॉड. सोयरीक जिथे टिकते किंवा तुटते ती जागा म्हणजे ही बांगडी.

ती बांगडी त्यांनी फेकली नाही. लेथच्या वरच्या फळीवर मोडके पिस्टन, वाकडे व्हॉल्व्ह, तडकलेले दांडे ओळीने मांडलेले आहेत, त्यांत नेऊन ठेवली. लहानपणापासून मी त्या फळीला भंगार समजत होतो. त्या रात्री मला चित्रपटातली एक फळी आठवली, आणि दुसऱ्या दिवसापासून मी मन्रोविषयी मिळेल ते वाचू लागलो.

मन्रोचा जन्म २५ मार्च १८९९ रोजी न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाच्या इन्व्हरकारगिल गावी झाला. त्याच्याबरोबर जन्मलेली जुळी बहीण जन्मताच गेली, आणि हा मुलगाही दोन वर्षांच्या पुढे जगायचा नाही असे डॉक्टरांनी घरच्यांना सांगितले होते. तो अठ्ठ्याहत्तर वर्षे जगला. बालपण एडनडेल जवळच्या शेतावर गेले. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा सैन्यात जावे, जग पाहावे असे त्याच्या मनात होते, पण तो शेतावरच राहिला. पुढे काही दिवस ओटिराच्या रेल्वे बोगद्यावर काम केले, तेवढ्यात वडिलांनी नवे शेत घेतले आणि त्याला परत बोलावले. आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या थोरल्या-धाकट्या पोरांची जी कथा, तीच ही. फरक एवढाच की या पोराला पंधरा-सोळाव्या वर्षीच मोटारसायकलीचे वेड लागले होते.

त्याचे खरे नाव हर्बर्ट, त्याचेच लघुरूप बर्ट, पण इंग्रजीत तो ते वेगळ्या अक्षराने लिहीत असे. एका अमेरिकन मासिकाने छापताना एक अक्षर चुकवले. याला ती चूक इतकी आवडली की त्याने पुढे तेच अक्षर कायम केले. आपल्या नावाची वेलांटी चुकली तरी परीक्षा विभागाकडे अर्ज करणाऱ्या आम्हा विद्यार्थ्यांना हे जरा नवलाचेच.

१९२० साली त्याने इंडियन कंपनीची स्काउट ही गाडी विकत घेतली. चार्ल्स फ्रँकलिन नावाच्या आयरिश अभियंत्याने आखलेली ही गाडी तेव्हा अगदी नवी होती. इंग्रजी व्ही या अक्षरासारखे तिरपे लावलेले दोन सिलिंडर, आकारमान ६०० सी.सी., गिअर हाताने टाकायचा, क्लच पायाने दाबायचा. वेग ताशी ५५ मैल, म्हणजे ८८-८९ किलोमीटर. त्या काळच्या कच्च्या रस्त्यांना तेवढा पुष्कळ होता. मन्रोला तो पुरेना. १९२६ पासून त्याने ती गाडी खोलायला सुरुवात केली, आणि म्हातारपणी हात थकेपर्यंत ते काम काही संपले नाही.

या स्काउटच्या पोटात डोकावणे भाग आहे, कारण मन्रोचे निम्मे चरित्र तिथेच घडले. दोन्ही सिलिंडरांचे दांडे एकाच क्रँकपिनवर बसवलेले. एका दांड्याचे टोक बेचक्यासारखे दोन फाट्यांचे, दुसऱ्याचे टोक त्या बेचक्यात शिरलेले. मध्ये लोखंडी रोलर. म्हणजे एका खुंटीला दोन बैल बांधावेत आणि दोघांनी वेगवेगळ्या दिशांना हिसके द्यावेत, तशी त्या पिनची अवस्था. वंगणाची सोय तर आजच्या मानाने फारच गरिबीची होती. टाकीतले तेल एक लहानसा पंप थेंबाथेंबाने आत सोडी, फिरती चाके ते उडवून सगळीकडे शिंपडत, आणि मग ते जळून किंवा गळून जाई. टाकीत परत येण्याची वाट नव्हती. चढावर तेल कमी पडेल असे वाटले, तर स्वाराने हातपंपाने एक झटका द्यायचा. बैलगाडीखाली वंगणाचा नळा टांगतात आणि चाक कुरकुरू लागले की गाडीवान उतरून आसाला वंगण देतो, ती रीत आणि ही रीत यांत फारसे अंतर नाही.

पंचावन्न मैलांना हे सगळे चालून जाई. पण वेग वाढवायचा म्हटले की गणित बदलते, आणि ते कसे बदलते हे कळल्याशिवाय मन्रोची थोरवी कळणार नाही. विज्ञान शाखेतल्या माझ्या एका मित्राकडून मी हा हिशेब करून घेतला. पिस्टन वर जातो, क्षणभर थांबतो, उलटा फिरतो. त्याला थांबवायचे आणि परत खेचायचे काम दांड्याचे. समजा पिस्टन पाव किलोचा आहे आणि त्याची धाव स्काउटइतकी, म्हणजे ७८ मिलिमीटर आहे. मिनिटाला तीन हजार फेऱ्या असतील तर वरच्या टोकाला तो पाव किलोचा पिस्टन दांड्याला सुमारे सव्वाशे किलोच्या जोराने ओढतो. फेऱ्या दुप्पट करा, सहा हजार. ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते. जवळपास पाच क्विंटल. सेकंदाला शंभर वेळा पाच क्विंटलचा हिसका, आणि तो झेलणारी जागा अंगठ्याएवढी. अण्णांना हा आकडा सांगितला तेव्हा त्यांना मुळीच नवल वाटले नाही. त्यांनी फळीकडे बोट दाखवले.

या हिसक्याने बेअरिंग नुसते झिजते असे नाही. दांड्याचे मोठे टोक गोल असते, ते ओढीने किंचित लांबोडे होते. गोल भोक लांबोडे झाले की आतले बेअरिंग दोन बाजूंनी आवळले जाते, आवळलेल्या जागी तेलाचा पापुद्रा फाटतो, धातूला धातू भिडतो, उष्णता वाढते, उष्णतेने तेल आणखी पातळ होते. एकदा हे चक्र सुरू झाले की थांबत नाही. तेलाचा पापुद्रा हीच खरी मेख. ओल्या, शेवाळलेल्या शहाबादी फरशीवरून पाय घसरतो तेव्हा पाय फरशीला नीट टेकलेलाच नसतो, मध्ये पाणी असते. बुशच्या बेअरिंगमध्ये पिन तशीच तेलावर तरंगते. केसापेक्षाही पातळ असा हा पापुद्रा आहे तोवर राजा, नाही तर रंक. रोलरचे बेअरिंग थोड्या तेलावर जास्त सोसते, पण तेलाशिवाय तेही जगत नाही. म्हणजे मोठ्या वेगाच्या इंजिनात बेअरिंग वाचवायचे तर नुसते ऑइल ओतून भागत नाही. दांडा ताणाने वाढणार नाही इतका कणखर हवा, आणि तरीही हलका हवा, कारण त्याचे स्वतःचे वजनही त्याच पिनला ओढत असते. तेल नेमक्या जागी, नेमक्या वेळी पोचले पाहिजे. आणि पिन, चाके, दांडा एका रेषेत बसले पाहिजेत.

मन्रोपुढे हा सगळा डोंगर होता आणि त्याच्याजवळ पैसा नव्हता. दिवसा तो मोटारसायकली विकण्याचे काम करी आणि रात्री आपल्या गाडीवर राबे. १९२९ नंतरच्या मंदीने त्याला काही काळ पुन्हा शेतावर नेऊन बसवले. सुटे भाग विकत आणावेत तर परवडत नव्हते. पुढे परवडले असते तरी मिळाले नसते, कारण इंडियन कंपनीने १९५३ साली उत्पादनच थांबवले. (ते नाव पुढे इतरांनी विकत घेऊन पुन्हा चालवले, पण ती हकीकत वेगळी.) त्यामुळे जे लागेल ते त्याने स्वतः केले. जुन्या डब्यांचे साचे करून त्यात धातू ओतला आणि पिस्टन घडवले. सिलिंडर घडवले, फ्लायव्हील घडवली. बाजूला असणारे व्हॉल्व्ह डोक्यावर नेले. मोजमापाला मायक्रोमीटर म्हणून त्याच्याकडे चाकाचा एक जुना आरा होता. आमच्या वर्कशॉपमध्येही मायक्रोमीटर आहे, डबीत मखमलीवर ठेवलेले. त्याला हात लावायचा तर अण्णांची परवानगी लागते. आऱ्याने मापे घेऊन केलेले इंजिन पुढे जागतिक विक्रम करते, हे ऐकून अण्णा बराच वेळ गप्प होते.

पण सगळ्यांत बोलके काम म्हणजे कनेक्टिंग रॉड. मूळचे दांडे वाढत्या जोरापुढे टिकेनात, तेव्हा त्याने कॅटरपिलर ट्रॅक्टरचा ॲक्सल मिळवला आणि त्या पोलादातून कानशीने घासून घासून नवे दांडे कोरून काढले. हे काम किती सोशिकपणाचे असेल याची कल्पना यावी म्हणून मी स्वतः अण्णांच्या देखरेखीखाली लोखंडाच्या एका तुकड्यावर कानस चालवून पाहिली. तासाभराने माझ्या हाताला फोड आले आणि तुकडा जवळजवळ होता तसाच होता. ट्रॅक्टरचा ॲक्सल म्हणजे नांगर ओढताना जमिनीचा हिसका खाणारे पोलाद. ते मुळातच चिवट. कोरून झाल्यावर त्याला पाणी द्यायचे, म्हणजे तापवून, थंड करून, पुन्हा बेताने तापवून त्याची कडकी आणि चिवटपणा यांचा मेळ बसवायचा. कडक जास्त झाले तर काचेसारखे तडकते, नरम राहिले तर ताणते. वरचा प्रत्येक ओरखडा घासून काढायचा, कारण तडा नेहमी ओरखड्यापासून सुरू होतो. अण्णांच्या फळीवरच्या एका दांड्यावर मी हे प्रत्यक्ष पाहिले. नखाने जाणवेल एवढीच एक रेघ आहे, आणि भेग बरोबर तिथूनच गेली आहे.

वंगणाची व्यवस्थाही त्याने स्वतःच बांधली. थेंबाथेंबाच्या तेलावर त्या वेगाला दांडे जगणार नाहीत हे त्याला अनुभवाने कळले होते, आणि अनुभव म्हणजे काय, तर फुटलेली इंजिने. महिनोन्‌महिने काम करायचे, गाडी जोडायची, जवळच्या ओरेटीच्या समुद्रकिनाऱ्यावर न्यायची, आणि काही मिनिटांत सगळे आतल्या आत फुटायचे. परत यायचे, खोलायचे, काय आधी मोडले आणि कशामुळे मोडले ते शोधायचे. मोडलेले पिस्टन, दांडे त्याने आपल्या शेडमध्ये एका फळीवर मांडून ठेवले आणि त्या फळीवर, हा गतीच्या देवाला वाहिलेला नैवेद्य आहे, अशा अर्थाची पाटी रंगवली. चित्रपटात लोक त्या पाटीला हसतात. मला वाटते तिच्यात थट्टेपेक्षा पुष्कळ जास्त काही आहे. पुस्तके त्याला परवडत नव्हती, प्रयोगशाळा नव्हती. ती फळी हेच त्याचे ग्रंथालय. कुठला दांडा ताणाने तुटला, कुठला उष्णतेने, कुठला पिस्टन तेलाविना चिकटला, हे त्याला तिथे रोज वाचता येई. मोडके तुकडे फेकून दिले असते तर तीच चूक त्याने दहा वेळा केली असती.

आता एक कडू गोष्ट. १९२७ साली त्याने लग्न केले, चार मुले झाली. १९४७ मध्ये घटस्फोट झाला. चाळिशीच्या दशकाच्या अखेरीस नोकरीही सोडली आणि तो त्या गाडीच्या शेडमध्येच राहू लागला. झोपणे, खाणे, ओतकाम, सगळे एकाच छपराखाली. चरित्रे लिहिताना आपण अशा जागी घाईने पुढे जातो, किंवा त्याला ध्येयवेडा म्हणून मोकळे होतो. मला तसे म्हणवत नाही. रात्र रात्र कानशीचा आवाज ऐकणाऱ्या बायकोने आणि मुलांनी काय सोसले असेल, याचा हिशेब कुठल्याच विक्रमपत्रावर नाही. अण्णा रात्री दहापर्यंत लेथवर असतात तेव्हा आई जेवणाचे ताट झाकून बसते, ते मी रोज पाहतो, म्हणून हे लिहिले.

न्यूझीलंडमधला त्याचा पहिला विक्रम १९३८ सालचा. १९४० मध्ये उघड्या रस्त्यावर त्याने ताशी १२०.८ मैलांचा वेग गाठला. तो विक्रम बारा वर्षे टिकला. १९५७ मध्ये किनाऱ्यावरच्या वाळूत १३१.३८ मैल. तोवर तो अठ्ठावन्न वर्षांचा झाला होता आणि पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस छातीत कळा येऊ लागल्या होत्या. डॉक्टरांना त्याच्या हृदयाची काळजी. त्याला मात्र अमेरिकेतल्या युटा राज्यातले बॉनव्हिलचे मिठाचे मैदान दिसत होते. प्राचीन सरोवर आटून उरलेले ते पांढरेशुभ्र सपाट मैदान, समुद्रसपाटीपासून चार हजार फुटांहून उंच. वेगाच्या वेड्यांचे ते पंढरपूर. तिथे तो एकूण दहा वेळा गेला, पहिल्यांदा नुसते पाहायला आणि पुढे नऊ वेळा धावायला.

बॉनव्हिलला धावणे म्हणजे इंजिनाची निराळीच परीक्षा. किनाऱ्यावर गाडी थोडा वेळ जोरात जाते आणि मग श्वास घेते. मिठावर कित्येक मैल मूठ पिळलेलीच ठेवावी लागते. तेल तापत राहते, पातळ होत राहते, आणि इंजिनाला क्षणाचीही उसंत नाही. शिवाय विक्रमाचा नियम असा, की मोजलेल्या मैलावरून एकदा जायचे आणि मग उलट दिशेने परत यायचे. दोन्ही धावांची सरासरी तोच विक्रम. वाऱ्याचा फायदा कुणाला मिळू नये म्हणून हा नियम. पण दांड्याच्या आणि बेअरिंगच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय होतो पाहा. एका धावेत सगळी ताकद ओतून इंजिन फोडून घेतले तर कागदावर शून्य. गाडी परत आली पाहिजे. बॉनव्हिलला वेगवान इंजिन पुष्कळांकडे असते. दोनदा तसेच धावणारे इंजिन फार थोड्यांकडे. मन्रोच्या सगळ्या कानसकामाचे, वंगणाच्या नव्या व्यवस्थेचे, त्या फळीवरच्या वाचनाचे मोल इथे होते.

वेग वाढवताना आणखी एक भिंत असते, वाऱ्याची. वेग तिप्पट करायचा तर तेवढ्याच अंगाच्या गाडीला सत्तावीस पट शक्ती लागते. जुन्या स्काउटमधून ती कुठून आणणार? म्हणून गाडीभोवती माशासारखे निमुळते कवच चढवले आणि त्यात मन्रो जवळजवळ पालथा पडून बसे. शक्ती वाढवायला सिलिंडर मोठे करत नेले. १९६२ मध्ये इंजिन ८५० सी.सी.चे झाले होते. त्या वर्षी ८८३ सी.सी.च्या गटात त्याने ताशी १७८.९५ मैलांचा विक्रम केला. तेव्हा तो त्रेसष्ट वर्षांचा होता. १९६६ मध्ये १००० सी.सी.च्या गटात १६८.०७ मैल. आणि १९६७ मध्ये, इंजिन ९५० सी.सी.चे करून, त्याच गटात १८३.५९ मैल, म्हणजे ताशी साडेदोनशे-पावणेतीनशे नव्हे, २९५ किलोमीटरांच्या वर. हा वेग असा, की एक मैल वीस सेकंदांच्या आत. त्याच वर्षी पात्रतेच्या एका एकेरी धावेत त्याने १९०.०७ मैलांचा वेगही गाठला. स्वार अडुसष्ट वर्षांचा, गाडी सत्तेचाळीस वर्षांची, आणि तिच्यात मूळ कारखान्याचे जे उरले होते ते फार थोडे.

चित्रपटात हा सारा प्रवास एका फेरीत झाल्यासारखा दाखवला आहे. म्हातारा पहिल्यांदाच अमेरिकेत जातो, लोक भेटतात, मदत करतात, तो धावतो आणि जिंकतो. पाहायला ते फार गोड वाटते. पण खरे चरित्र त्याहून कठीण आणि माझ्या मते त्याहून मोठे आहे. दहा वेळा समुद्र ओलांडणे, नऊ हंगाम, त्यांतले तीन विक्रमाचे. उरलेल्या वर्षी गाडी उघडून पुन्हा फळीशी यायचे. दिग्दर्शक रॉजर डोनाल्डसन यांनी मन्रोवर १९७१ साली एक लघुपटही केला होता, तेव्हा मन्रो हयात होता. त्या लघुपटाच्या नावातच त्यांनी त्या फळीवरचा नैवेद्य घेतला आहे, यावरून त्यांनाही खरी गोष्ट कुठे आहे हे ठाऊक असावे.

१९७७ साली मन्रोला पक्षाघाताचा झटका आला. त्यानंतर हातापायांचा मेळ पूर्वीसारखा राहिला नाही. ज्या माणसाने डोळ्याने आणि बोटाने मापे घेतली, त्याच्या बोटांनीच दगा दिला. त्याची एक वेलोसेट गाडीही होती, तिच्यावरही त्याने आयुष्यभर असेच काम केले होते. दोन्ही गाड्या आपल्याच मुलखात राहाव्यात म्हणून त्याने त्या इन्व्हरकारगिलच्या एका व्यापाऱ्याला, नॉर्मन हेज यांना विकल्या. ६ जानेवारी १९७८ रोजी तो हृदयविकाराने गेला. ती इंडियन आजही त्या गावात हेज यांच्या हार्डवेअरच्या दुकानात, खिळे, रंगाचे डबे आणि अवजारे यांच्या गर्दीत पाहायला मिळते. एखाद्या मोठ्या शहरातल्या काचेच्या संग्रहालयापेक्षा तिला ही जागा जास्त शोभते, असे अण्णांचे मत आहे आणि माझेही.

आणखी एक गोष्ट राहिली. २०१४ साली, म्हणजे मन्रो जाऊन छत्तीस वर्षे झाल्यावर, त्याच्या मुलाच्या, जॉनच्या, लक्षात आले की १९६७ च्या विक्रमाची सरासरी काढताना बेरीज-भागाकारात चूक झाली होती. अमेरिकन मोटारसायकल संघटनेने कागद तपासले आणि वेग १८३.५९ ऐवजी १८४.०८७ मैल असा दुरुस्त केला. अर्ध्या मैलाचा फरक. ज्या मुलाच्या बालपणीच्या रात्री कानशीच्या आवाजात गेल्या असतील, त्यानेच तो अर्धा मैल बापाला मिळवून दिला.

मामांची बुलेट अण्णांनी महिनाभराने जोडली. क्रँकपिन नवी, बुश नवा. तेलाच्या वाटा तारेने साफ करताना एका वाटेत गाळ घट्ट बसलेला सापडला. म्हणजे दोष सगळा माझा नव्हता, थोडा माझ्या आधीचाही होता. पण टकटक ऐकूनही मूठ पिळली ती मीच. जोडणीच्या वेळी मी दिवा धरायला उभा होतो. अण्णांनी पिन बसवली, बोटाने दांडा हलवून पाहिला, आणि मग माझे बोट धरून दांड्यावर ठेवले. वर-खाली काही हलत नव्हते, आजूबाजूला मात्र किंचित सरकत होते. तेलाला राहायला एवढीच जागा लागते, एवढे ते बोलले. गाडी चालू झाल्यावर त्यांनी मला लगेच तिच्यावर बसू दिले नाही. इंजिन थंड असताना मूठ पिळायची नाही, तेल सगळीकडे पोचायला वेळ द्यायचा, पहिले पाचशे किलोमीटर बेताने, मग ऑइल बदलायचे आणि त्यात चुरा आहे का ते बघायचे, पोटातून ठोका आला की जागच्या जागी गाडी बंद करून ढकलत आणायची, असे त्यांनी सांगितले. यावर मामा म्हणाले की हे सगळे त्यांनी दोन शब्दांत आधीच सांगितले होते.

जुना बुश फळीवर आहे. त्याच्याखाली खडूने तारीख घातली आहे आणि तारखेखाली माझे नाव. आमच्याकडे येणारे गिऱ्हाईक ते वाचतात आणि मला विचारतात. मी सांगतो.